उजवा कर्णा

ताई लग्न होऊन सासरी गेली तेव्हा त्या घरात कपाटाआधी स्पीकर आले, असं आमची आई शेवटपर्यंत सांगायची. त्यात तिची थोडी भर होती, पण फार नाही.

भाऊजी दातांचे कारागीर. डॉक्टर तोंडात बघून माप घेतात आणि ते माप ज्याच्या टेबलावर जाऊन पडतं, तो माणूस म्हणजे आमचे भाऊजी. प्लास्टर ओतायचं, मेण कोरायचं, फिरत्या दगडावर घासायचं आणि कवळी डब्यात घालून रवाना करायची. त्यांनी केलेली कवळी टोचते म्हणून परत आली, असं मी कधी ऐकलं नाही. स्वभावही तसाच, घासूनपुसून गुळगुळीत केलेला. चढा आवाज त्या घरात फक्त मागच्या खोलीतून यायचा.

त्या खोलीत त्यांचे कर्णे होते. "म्हणजे स्टेशनवर असतो तसला भोंगा का?" असं कुणी विचारलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग ते समजावायला बसायचे. तोंडापुढे दोन्ही हातांची ओंजळ धरून हाक मारली की ती लांबवर जाते ना, कर्णा म्हणजे ती ओंजळ. तिच्या मागच्या टोकाला ड्रायव्हर नावाचं वाटीएवढं यंत्र बसतं. त्यातला पातळ पडदा थरथरतो आणि ती एवढीशी थरथर कर्णा फुलवत फुलवत खोलीत आणून सोडतो. दोन्ही कर्णे त्यांनी स्वतः केले होते. लाकडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, आतून दातांच्या कामातलं प्लास्टर फिरवायचं आणि दिवसच्या दिवस घासत बसायचं. माझा धाकटा मुलगा लहानपणी त्यातल्या एकात शिरून झोपी गेला होता आणि आम्ही त्याला सगळ्या गल्लीत शोधत होतो. प्रत्येक कर्ण्याखाली जाड्या आवाजांसाठी कपाटाएवढी पेटी. खोलीला जड पडदे, जमिनीवर गालिचा आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या चार पायांच्या जागा चिकटपट्टीने आखलेल्या. झाडू मारताना ती खुर्ची हलली तर ताईने ती पुन्हा त्याच चौकोनांत ठेवायची, एवढी एकच सक्ती त्या माणसाने संसारात केली असेल.

ताईची जागा उजव्या भिंतीपाशी, सोफ्यावर. तिथे ती विणत बसायची.

एके काळी रविवारी सकाळी मित्र ऐकायला यायचे. नंतर कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाला नातवंडं झाली, कुणी घर बदललं. माणसं कमी होत गेली, ते वयाप्रमाणे झालं असंच भाऊजींना वाटायचं.

मी राहतो दुसऱ्या गावी. त्या रविवारी मला मुद्दाम बोलावणं होतं, कारण कर्ण्यांना नवे ड्रायव्हर बसले होते. जुन्यांची रया गेली होती, भाऊजी कितीतरी वर्षं नव्यांची स्वप्नं बघत होते. नव्या ड्रायव्हरचं तोंड आणि कर्ण्याचा गळा यांचं माप जुळेना, तेव्हा त्यांनी जबड्याचा घ्यावा तसा गळ्याचा ठसा घेतला आणि मध्ये बसणारी कडी स्वतः ओतली. आवाज वाटून देणारी डबीही नवी केली. जाडे सूर खालच्या पेटीला, बारीक सूर कर्ण्याला, असं वाटप ती करते. प्रत्येक डबीवर, जुन्या डब्यांवर होतं तसंच, एक बटण होतं, बारीक सूर कमीजास्त करण्यासाठी. ती बटणं भाऊजींनी, नेहमीप्रमाणेच, आठवडाभर खुर्चीत बसून, उठून, पुन्हा बसून, कानाने जुळवली होती.

शेवटचा हात फिरवायला त्यांचा जुना मित्र येणार होता. जन्मभर रेडिओ केंद्रात ध्वनीचं काम केलेला माणूस, म्हणून सगळे त्याला रेडिओवाला म्हणायचे. तोही अलीकडे येईनासा झालेल्यांपैकीच. तो मोजणीचा माइक आणि लॅपटॉप घेऊन आला, भाऊजींचं डोकं जिथे असतं त्याच उंचीवर खुर्चीपाशी माइक उभा केला आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं. मग एकेका कर्ण्यातून एक सूर निघाला. तो खालून घुमत घुमत वर चढला आणि शिट्टीसारखा बारीक होऊन विरला. डाव्याचा झाला. उजव्याच्या वेळी सूर वर चढला तसे माझे दात शिवशिवले. ताईने विणकाम मांडीवर ठेवलं.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. डावीकडची अंगणासारखी सपाट आणि शेवटी जरा उतरती. उजवीकडची निम्म्या वाटेपर्यंत तिच्याबरोबर चालली आणि मग भिंतीवर चढल्यासारखी सरळ वर गेली.

भाऊजी म्हणाले, माइक बिघडलाय. रेडिओवाल्याने दुसरा माइक लावला. तीच भिंत. मग भाऊजी म्हणाले, उजवा ड्रायव्हर सदोष आला. त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन्ही ड्रायव्हर सोडवले, अदलाबदल केली, स्क्रू आवळले. पुन्हा सूर निघाला. भिंत हलली नाही, उजवीकडेच राहिली.

"डब्यांची बटणं बघितलीस का तू?" रेडिओवाल्याने विचारलं.

उजवं बटण जवळजवळ शेवटपर्यंत उघडलेलं होतं. डावं अर्ध्याहून खाली. रेडिओवाल्याने दोन्ही सारखी केली, पुन्हा मोजलं, आणि या वेळी दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी. त्याने एक गाणं लावलं. एक बाई गात होती आणि मागे फक्त एक व्हायोलिन. मी भाऊजींच्या खुर्चीमागे उभा होतो. बाईचा आवाज समोरच्या भिंतीच्या मध्यातून येत होता, तिथे काहीच नसताना.

भाऊजी म्हणाले, "उजवा बंद पडला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उजवा चालू होता. मी जाऊन त्याच्या तोंडापुढे हात धरला, तळव्याला थरथर लागत होती.

"बाई कुठे गातेय?" रेडिओवाल्याने विचारलं.

"डावीकडे. अगदी डाव्या कोपऱ्यात."

रेडिओवाल्याने त्यांना उठायला सांगितलं आणि खुर्ची चौकोनांतून उचलून उलटी ठेवली, पाठ कर्ण्यांकडे. भाऊजी हसले. कर्ण्यांना पाठ दाखवायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल. ते बसले. गाणं पुन्हा सुरू झालं.

"आता कुठे आहे?"

"डावीकडेच," ते म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच काही उमगलं. तोंड फिरवल्यावर त्यांची डावी बाजू म्हणजे उजवा कर्णा. ज्याला त्यांनी बंद पडला म्हटलं होतं तोच. बाई कर्ण्यात नव्हतीच. ती त्यांच्या डाव्या कानात होती, ते जिकडे वळतील तिकडे त्यांच्याबरोबर फिरत होती.

त्यांनी उजव्या कानाजवळ बोटं चोळून पाहिली. डाव्याजवळ चोळली. पुन्हा उजव्याजवळ. माणूस अंधारात खिसे चाचपतो तसं ते चाललं होतं. मग ते पाठमोरेच म्हणाले, "माझी बटणं होती तशी लाव."

रेडिओवाला नको म्हणाला. भाऊजींनी पुन्हा सांगितलं. त्याने उजवं बटण उघडलं आणि बाईने 'स' उच्चारला तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आला. भाऊजी खुर्चीतून फेकल्यासारखे उठले. चांगला कान आता त्या बाजूला होता. इतकी वर्षं त्यांनी लोकांना काय ऐकवलं, ते त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं.

"हे असं होतं?" त्यांनी ताईला विचारलं. "तुला असं ऐकू यायचं?"

ताईने मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवलं.

"मी एकदा सांगितलं होतं तुम्हाला, उजवा टोचतो म्हणून. तुम्ही मला तासभर समजावलंत, की कान तयार व्हायला वेळ लागतो. मग मी कान तयार व्हायची वाट बघत बसले."

"आणि?"

"आणि कापूस घालायला लागले."

तिने पदराआडून हात वर नेला आणि कानातून कापसाचे बोळे काढून विणकामाच्या पिशवीवर ठेवले. त्या दिवशीही होते. भाऊजींनी एक बोळा उचलून बोटांत धरला. तो एवढा नीट वळलेला होता की सवय किती जुनी, हे वेगळं सांगावं लागलं नाही. रेडिओवाला वायरी गुंडाळायला लागला, आणि एकदा गुंडाळलेली वायर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत राहिला. जेवताना भाऊजींनी पाणी मागितलं तेही खुणेने.

जाताना रेडिओवाल्याने मला जिन्यात थांबवलं. वयाने दोन्ही कान सारखेच उतरतात, एकच असा जात नाही, ह्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्या, असं तो म्हणाला. मी मुक्काम वाढवला.

भाऊजींनी दोष आधी घासायच्या मशीनला दिला. ती कायम उजव्या हाताला असायची. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी भाऊजींना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि मग भलतंच विचारायला लागल्या. उजव्या कानात शिट्टी वाजते का, चालताना तोल जातो का, त्या बाजूचा गाल कधी बधिर वाटतो का. भाऊजी आधी नाही नाही म्हणाले. मग म्हणाले, शिट्टी आहे, पण ती अॅम्प्लिफायरची असेल असं वाटायचं. तोल जातो, पण दिवसभर उभ्याने काम असतं. फोन ते अलीकडे डाव्या कानाला लावतात, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं, मी सांगितलं. बाईंनी मेंदूचा स्कॅन लिहून दिला.

स्कॅन बघायला आम्ही तिघं गेलो होतो. पडद्यावर भाऊजींचं डोकं आडवं कापल्यासारखं करड्या रंगात दिसत होतं. त्यात कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर एक पांढरा गोळा होता. ऐकण्याच्या नसेवर गाठ. कॅन्सरची नाही, बाईंनी हे पहिल्या वाक्यातच सांगितलं, पण वाढत वाढत ती मेंदूच्या देठाला टेकली आहे, थांबण्यात अर्थ नाही. काढताना उजवा कान पूर्ण जाईल. तो वाचवण्यासारखा राहिलेला नाही.

ताईने पर्स उघडली, बंद केली, उघडली. भाऊजी त्या पांढऱ्या गोळ्याकडे असे बघत होते, जसं एखादा अनोळखी माणूस आपल्या घरात राहून गेल्याचं कुणी सांगावं.

चेहरा वाकडा झाला किंवा चक्कर येऊन पडले की मगच लोक येतात, बाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"स्पीकर लावताना," भाऊजी म्हणाले.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी सगळं सांगितलं, खुर्ची उलटी केली ते सुद्धा. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या.

शस्त्रक्रिया बरेच तास चालली, पण पार पडली. शुद्धीवर आले तेव्हा भाऊजींचा उजवा गाल ओघळलेला होता, पाणी प्यायचे तर अर्धं गळ्यावर. गाल काही महिन्यांनी बराचसा वर आला. कान गेला तो गेला. पण एक गोष्ट त्यांना कुणी नीट सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. एका कानाला दिशा नसते. ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली की ते बाल्कनीत जायचे. दारावरची बेल वाजली की उभे राहून चारी बाजूंना बघायचे. रस्ता ओलांडताना मागून हॉर्न आला आणि ते नेमके त्या गाडीच्याच वाटेत सरकले, तेव्हापासून ताई त्यांना एकटं सोडेना. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरणारा माणूस मी तेव्हा पाहिला. विनोद बंद झाले. कवळ्यांचं काम हातातच होतं म्हणून तेवढं चालू राहिलं.

मागच्या खोलीत ते एकदाच गेले. तेच गाणं लावलं. बाहेर आले आणि म्हणाले, दोन्ही कर्णे एकाच कोपऱ्यात जाऊन बसलेत, दोन कशाला ठेवायचे. त्यांनी कर्ण्यांवर जुन्या चादरी टाकल्या. घरात प्रेत झाकल्यासारखं दिसतं म्हणून ताईने त्या काढल्या, त्यांनी पुन्हा टाकल्या. हे काही दिवस न बोलता चाललं. मग त्यांनी रेडिओवाल्याला फोन केला, की घेऊन जा हे सगळं.

ज्या दिवशी रेडिओवाला टेम्पोचं विचारायला यायचा होता, त्या दिवशी मी तिथेच होतो. दुपारची जेवणं झाली होती. ताईने चादरी काढल्या, घड्या घातल्या आणि जाऊन मधल्या खुर्चीत बसली. भाऊजी दारात उभे. इतक्या वर्षांत तिला त्या खुर्चीत कुणी पाहिलं नव्हतं, तिनेही स्वतःला पाहिलं नसावं. पाय जरा वर राहत होते.

"जायच्या आधी एकदा माझ्यासाठी लावा," ती म्हणाली. "कापूस नाहीये आज."

भाऊजी म्हणाले, मला आता काही कळत नाही त्यातलं. ती म्हणाली, मला कळतं, तुम्ही फक्त बटणं फिरवा.

ते काय काम झालं ते मी विसरणार नाही. ताईला ना सूर मोजता येत होता, ना कसली परिभाषा. ती म्हणाली, बाईला सर्दी झालीय. भाऊजींनी विचार केला, डबीपाशी वाकले, काहीतरी केलं. ती म्हणाली, आता तिने घोंगडीतून डोकं बाहेर काढलं, पण व्हायोलिनवाला तिच्या अंगावर रेलतोय. भाऊजींनी उजवा कर्णा बोटभर बाहेर वळवला. आता? आता तो सरळ उभा राहिला, पण खोलीत बादली ठेवल्यासारखा आवाज येतोय खालून. भाऊजी खालच्या पेटीपाशी बसले आणि ती भिंतीपासून रेटायला लागले, मी हात लावला. चष्म्याची भिंगं बदलून बदलून अक्षरं विचारावीत तसं ते एकेक विचारत होते आणि तिची ती घोंगडीबादलीची भाषा आपल्या भाषेत वळवून घेत होते. मध्येच रेडिओवाला आला. त्याने सवयीने लॅपटॉपची पिशवी उघडायला घेतली, मग तशीच बंद केली आणि सोफ्यावर टेकला.

उन्हं कलली तरी त्यांचं चाललं होतं. आणि मग एका वेळी ताईने काहीच सांगितलं नाही. भाऊजी डबीवर हात ठेवून तिच्याकडे बघत थांबले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं तिला काही होतंय. मी पुढे झालो. तिने हाताने मला बाजूला व्हायला सांगितलं.

"ती आलीय," ती म्हणाली. "अहो, ही बाई इथे उभी आहे."

ती उठली. दोन कर्ण्यांच्या मधल्या मोकळ्या भिंतीपर्यंत चालत गेली, मध्येच थबकली, कारण जवळ गेल्यावर बाई विरली. पुन्हा मागे येऊन खुर्चीत बसली. बाई पुन्हा आली. ताईचा हात तोंडावर गेला. इतकी वर्षं ती त्या खोलीत होती आणि या माणसाला इथे काय दिसतं, हे तिला आज कळत होतं. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

भाऊजींना अर्थातच भिंत नुसती भिंत होती. बाई त्यांच्या डाव्या कानात.

"कुठे नक्की?" त्यांनी विचारलं.

ते जाऊन भिंतीपाशी उभे राहिले. ती खुर्चीतून बोटाने सांगत गेली, जरा इकडे, अजून जरा, पुरे. उंची विचारली, तर म्हणाली माझ्या हनुवटीएवढी. त्यांनी तिच्या हनुवटीच्या अंदाजाने भिंतीवर तळवा टेकवला आणि तो तसाच ठेवून गाणं संपेपर्यंत उभे राहिले. रेडिओवाल्याने टेम्पोचा विषय काढला नाही.

कर्णे अजून त्याच खोलीत आहेत. ताई दुपारी खुर्चीत बसते, भाऊजी सोफ्यावर, डावा कान तिच्याकडे करून. तिला काही खटकलं की ती सांगते आणि ते उठतात. जुने मित्र एकेक करून पुन्हा यायला लागले आहेत. त्यांतल्या एकाने मध्यंतरी भाऊजींना विचारलं, आता तुम्हाला या सगळ्यातलं काय ऐकू येतं? भाऊजींनी त्याला दुसऱ्यांदा विचारायला लावलं, कारण तो चुकीच्या बाजूला बसला होता. मग म्हणाले, गाणं येतं. कुठून येतं ते तिला विचारायचं.